हेराल्डला सात इंची रिम नको: रुंदी, ऑफसेट आणि माप घ्यायची पद्धत

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या सगळ्यांना संदर्भ लागेल. मामांनी शोलावरमच्या धावपट्टीवर पळवलेली दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड तुमच्या ताब्यात आली आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सचं काम झालंय, आता चाकांवर गाडी अडली आहे. वर्षातून एखाद-दुसरी विंटेज रॅली, रविवारी सकाळी घोडबंदरला एक चक्कर, आणि जमलं तर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ट्रॅक डे, असा वापर. तुर्भ्याच्या एका दुकानदाराने १३ इंची, ७ जे (म्हणजे सात इंच रुंद), ईटी २० चे (ईटी म्हणजे ऑफसेट, खाली समजावतो) अलॉय, त्यावर २०५/६० आर १३ टायर (रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंतीची उंची त्या रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत) आणि पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, जुळवायला २५ मिलिमीटर जाडीचे अ‍ॅडॉप्टर असा सगळा संच देऊ केलाय. ७ घ्यावं की ६, ऑफसेट किती, आणि मडगार्ड आतून वळवावे लागतील का, हे तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर: ५.५ जे रिम, १७५/७० आर १३ टायर, अ‍ॅडॉप्टर अजिबात नको, आणि चाकाची मध्यरेषा कंपनीने जिथे ठेवली होती तिथून दहा मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर काढू नका. मडगार्डला हात लावायची वेळ बहुधा येणार नाही. हे वागळे इस्टेटमध्ये सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचं काम करणाऱ्या माणसाचं मत आहे. हेराल्ड, जुन्या फियाट, फॉर्म्युला मारुती (मारुतीचं इंजिन असलेल्या एकाआसनी रेसगाड्या) अशा गाड्या माझ्याकडे येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच कुणीतरी आधीच रुंद चाकं लावून बिघडवलेल्या असतात. त्यामुळे कारणं जरा खोलात जाऊन सांगतो.

सुरुवात नियमांपासून करा. ज्या स्पर्धेत किंवा रॅलीत उतरायचं तिची नियमावली हातात घेऊन मगच रिमचं बोलणं करा. ऐतिहासिक गाड्यांच्या फिआ (आंतरराष्ट्रीय मोटर संघटना) गटात रिमची रुंदी त्या काळाच्या तपशिलाला धरूनच लागते. आपल्याकडच्या क्लबांच्या रॅलीत इतकी कडक तपासणी नसते, तरी मूळपणाला गुण असतात. शिवाय बहुतेक नियमावल्यांत चाकाचा वरचा भाग मडगार्डाने झाकलेला असावा लागतो. ७ जे आणि २५ चा अ‍ॅडॉप्टर लावलेली हेराल्ड तिथेच अडकेल.

आता गाडी कोणती आहे ते लक्षात घ्या. हेराल्ड १९५९ साली ट्रायम्फने आणली, इटालियन डिझायनर मिकेलोत्तींच्या रेखाटनातून. आपल्याकडे ती मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने बनवली, ९४८ सीसीचं इंजिन घालून. वजन साधारण ८०० किलो. मूळ रिम १३ इंची आणि रुंदी फक्त साडेतीन इंच, त्यावर ५.२०-१३ चा क्रॉसप्लाय टायर. पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे आडवा पाटा (लीफ स्प्रिंग) आणि स्विंग अ‍ॅक्सल. एक गोष्ट आधी वाकून बघून घ्या: नंतरच्या स्टँडर्ड गॅझेलला सरळ लाइव्ह अ‍ॅक्सल आला होता आणि जुन्या गाड्यांचे भाग इकडचे तिकडे झालेले असतात. डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना युनिव्हर्सल जॉइंट आणि त्यातून निघालेले उघडे शाफ्ट दिसले तर स्विंग अ‍ॅक्सल. खाली जे लिहिलंय ते तो आहे असं धरून.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड हे समीकरण या गाडीला फारसं लागू पडत नाही. टायरचा जमिनीला टेकलेला भाग मुख्यतः वजन आणि हवेचा दाब यांवर ठरतो. एका चाकावर २०० किलो आणि हवा २६ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे १.८ किलो धरली तर टेकलेला भाग साधारण ११० चौरस सेंटीमीटर येतो. टायरच्या भिंतीच्या कडकपणामुळे यात थोडा फरक पडतो, पण टायर १७५ चा असो की २०५ चा, आकडा याच्या आसपासच राहतो. रुंद टायरमध्ये तो ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. ताकदवान, जड गाडीला या आडव्या ठशाचा वळणात फायदा मिळतो, कारण तिथे रबर तापतं आणि उष्णता पसरवायला जागा लागते. ८०० किलोच्या, ९४८ सीसीच्या गाडीत २०५ चा टायर धड तापतही नाही. वर चाकाचं वजन वाढतं ते वेगळंच. ते वजन स्प्रिंगच्या खालचं, आणि फिरणारं. थोडक्या हॉर्सपॉवरच्या इंजिनाला ते लगेच जाणवतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी टायर, मग त्या टायरला साजेशी रिम, मग ऑफसेट. लोक उलटं करतात. रिमची डिझाइन आवडते, ती जितकी रुंद मिळते तितकी घेतात आणि मग तिच्यावर कसाबसा बसेल असा टायर शोधतात.

प्रत्येक टायरला मोजमापाची एक रिम, म्हणजे जिच्यावर त्याचं माप घेतात ती, ठरलेली असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक असते. १५५/८० आर १३ ची मोजमाप-रिम साडेचार इंची आणि चालतात ४ ते ५.५. १७५/७० आर १३ ची ५ इंची, चालतात ४.५ ते ६. २०५/६० आर १३ ची ६ इंची, चालतात ५.५ ते ७.५. म्हणजे दुकानदाराचा संच टायर कंपन्यांच्या या तक्त्यात बसतो, पण कडेच्या जवळ. आणि मूळ साडेतीन इंची रिमवर १७५ चा रेडियल चढवलेल्या ज्या हेराल्ड दिसतात त्या तक्त्याच्या पार बाहेर आहेत. टायर दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, मधला भाग फुगून वर येतो आणि वळणात भिंत लवलव करते. तुमच्या गाडीवर आत्ता तसंच काही असेल तर नवी रिम येईपर्यंत जोरात चालवू नका.

दुकानदाराचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे. २०५/६० आर १३ चा व्यास ५७६ मिलिमीटर येतो आणि १७५/७० आर १३ चा ५७५. १५५/८० आर १३ चा ५७८. म्हणजे गिअरिंग, स्पीडोमीटर आणि गाडीची उंची तिन्हींत जवळजवळ सारखीच राहते. तुमच्या एका मित्राने सुचवलेला १६५/६५ आर १३ मात्र ५४५ चा आहे. गाडी १५ मिलिमीटर खाली बसेल आणि त्याच वेगाला इंजिन पाच टक्के जास्त फिरेल. ट्रॅकच्या आखूड वळणांत ते बरं वाटतं, पण चेन्नईहून परतताना हायवेवर कान किटतात. आणि आपल्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर हेराल्डच्या पोटाखालचे ते १५ मिलिमीटर मला तरी सोडवणार नाहीत.

टायर घेताना भिंतीवरची तारीख वाचा. शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. १३ इंची मापांचा खप कमी झालाय, त्यामुळे दुकानात माल वर्षानुवर्षं पडून असतो. नक्षी नवी कोरी दिसते, रबर मात्र कडक झालेलं असतं. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि शक्यतो एकाच वर्षाचे घ्या. स्विंग अ‍ॅक्सलच्या गाडीला पुढे-मागे वेगळी पकड चालत नाही.

आता ऑफसेट. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि त्याचं कारण मापांची भाषा. रिमवर लिहिलेली रुंदी ही टायरची कड जिथे बसते तिथली, आतल्या बाजूची असते. बाहेरून बाहेर मोजलं तर साधारण एक इंच जास्त भरतं. म्हणजे ५.५ जे ची रिम प्रत्यक्षात साडेसहा इंच, १६५ मिलिमीटर. ७ जे ची आठ इंच, २०३ मिलिमीटर. ऑफसेट म्हणजे या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला (चाक ज्यावर नटांनी आवळतात तो भाग) टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. तो पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ईटी धन, आतल्या बाजूला असेल तर ऋण. ईटी जितका कमी, चाक तितकं बाहेर.

दुकानदाराचा संच मांडून बघा. ७ जे, ईटी २०: मध्यरेषेपासून कडेपर्यंत १०१.६, म्हणजे हबच्या पृष्ठभागापासून बाहेरची कड ८१.६ मिलिमीटरवर. त्यात अ‍ॅडॉप्टरचे २५ घाला, झाले १०६.६. ईटी २० चं ५.५ जे थेट हबवर लावलं तर तीच कड ६२.५ वर येते. फरक ४४ मिलिमीटर, एका बाजूला. खरा ईटी उणे ५ झाला आणि चाकाची मध्यरेषा २५ मिलिमीटर बाहेर गेली. मडगार्ड आतून वळवावे लागतील का, हा तुमचा प्रश्न मुळात या ४४ मिलिमीटरमधून आलाय.

आणि मडगार्ड हा त्यातला लहान प्रश्न आहे. मध्यरेषा २५ ने बाहेर गेली की पुढच्या चाकाचा स्क्रब रेडियसही तेवढाच वाढतो. किंगपिनची रेषा, म्हणजे ज्या अक्षाभोवती पुढचं चाक वळतं ती, जमिनीला जिथे भेटते तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. ते वाढलं की एका चाकाखाली खड्डा आला किंवा एका बाजूचा ब्रेक जरा जास्त धरला, तरी स्टिअरिंग हातातून हिसकलं जातं. हेराल्डचं रॅक-पिनियन हलकं आणि बोलकं आहे, ती तिची सगळ्यात छान गोष्ट. रुंद, बाहेर काढलेल्या चाकांनी तेच स्टिअरिंग जड आणि भांडखोर होतं. शिवाय खड्ड्याचा प्रत्येक मार आता बेअरिंगपासून २५ मिलिमीटर लांबून लागतो. पुढचा स्टब अ‍ॅक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) हा या छोट्या ट्रायम्फ गाड्यांचा जुना कच्चा दुवा आहे. चिकट टायरच्या वळणातल्या ताणाने तो आधीच थकतो, त्यात हा मार.

म्हणून चाकांवर पैसे घालण्याआधी दोन्ही पुढचे स्टब अ‍ॅक्सल काढा आणि डाय-पेनेट्रंट तपासणी (रंगद्रव लावून बारीक तडे शोधणं) करून घ्या. वागळे किंवा रबाळे एमआयडीसीत ही तपासणी करणारे सहज मिळतात. स्टबच्या मुळाशी, जिथे जाडी बदलते तिथे, केसासारखी लाल रेघ दिसली तर तो फेकायचा. दिसली नाही तरी ट्रॅकवर जायचं असेल तर मी नवेच घालतो, कारण मामांनी ती गाडी किती आणि कशी पळवली याचा हिशेब त्या लोखंडात साठलेला आहे. त्याच वेळी खालचे ट्रनिअन, म्हणजे ज्यांच्या आट्यांवर पुढचं चाक वळतं ते सांधे, बघा. त्यांत ग्रीस नको, ९० नंबरचं गिअर ऑइल हवं. आपल्याकडे सर्व्हिसिंगला गाडी दिली की मुलगा दिसेल त्या निपलला ग्रीसगन लावतो. ग्रीस आत धड पसरत नाही, आटे कोरडे घासतात आणि एक दिवस चाक आत दुमडतं. हे गाडी चालू असताना होतं.

मागच्या चाकांचा विचार वेगळा करावा लागतो. स्विंग अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट डिफरन्शियलपाशी वळतो आणि चाक त्याच्याबरोबर कलतं. वळायच्या बिंदूपासून चाकापर्यंतचं अंतर साधारण अर्धा मीटर आहे. चाक २५ मिलिमीटर वर-खाली झालं की कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल (वरचा भाग बाहेर कलला तर धन, आत कलला तर ऋण), जवळपास तीन अंशांनी बदलतो. वळणात मध्येच पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की मागचा भाग उचलला जातो, बाहेरचं चाक खालून आत सरकतं आणि गाडी टायरच्या बाहेरच्या कडेवर उभी राहते. आता इथे सपाट नक्षीचा, ताठ खांद्याचा २०५ चा टायर कल्पून बघा. तीन-चार अंश धन कॅम्बरला त्याची एक कड तेवढी जमिनीवर, बाकी सगळी रुंदी हवेत. १७५/७० ची भिंत जरा उंच आणि लवचीक असते, ती या कलण्याला थोडं सामावून घेते. मागच्या बाजूला खरा फायदा हवा असेल तर पाटा उतरवून उभ्या गाडीत दीड-दोन अंश ऋण कॅम्बर मिळवा. त्याला लागणारा खर्च चार अलॉयच्या खर्चापुढे किरकोळ आहे. मागचे हाफशाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे) हासुद्धा या गाडीचा कच्चा दुवा आहे, तेही काढून तपासा.

पीसीडीकडे येऊ. हेराल्डचा पीसीडी ४ × ९५.२५, म्हणजे पावणेचार इंच. आपल्या बाजारातले चार भोकांचे अलॉय बहुतेक १०० किंवा ११४.३ चे असतात. त्यामुळे तीन वाटा सुचवल्या जातात: अ‍ॅडॉप्टर, रिमची भोकं लांबट करणं किंवा हबला नवी भोकं पाडणं. लांबट भोकं कुणी सुचवली तर त्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा. ९५.२५ च्या शेजारी १०० चं भोक जवळजवळ अंगावर येतं, त्यामुळे हबला दोघांच्या मध्ये धातूच उरत नाही. फिरवून ४५ अंशांवर पाडता येतं, पण फ्लँजची जाडी आणि ड्रमची अवस्था बघून. मी ट्रॅकच्या गाडीला ते करत नाही. अ‍ॅडॉप्टर तत्त्वतः वाईट नाही, चांगल्या बिलेटमधून मशिन केलेले असतात, पण मूळ स्टड तीन-अष्टमांश इंचाचे, बारीक आहेत आणि अ‍ॅडॉप्टरचा सगळा भार त्यांच्यावरच येतो. वर नटांचे दोन संच, त्यांतला एक चाकामागे लपलेला, रोज तपासता न येणारा.

सरळ वाट अशी की याच पीसीडीचे रिम घ्यावेत. मिनीलाइट धाटणीचे ५.५ × १३ रिम इंग्लंडमध्ये छोट्या ट्रायम्फसाठी आजही बनतात. ते त्या काळालाही धरून आहेत, कारण साठच्या दशकात हेच रूप रेसच्या गाड्यांवर होतं. मागवायला वेळ आणि कस्टमचा खर्च लागतो, तो धरा. मामांच्या सामानात त्या काळचे मॅग्नेशियमचे रिम निघाले तर ते जपून ठेवा, पण तपासल्याशिवाय गाडीवर चढवू नका. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत मॅग्नेशियम आतून खातं आणि वरचा रंग सगळं झाकून टाकतो.

दुसरी वाट म्हणजे मूळ लोखंडी रिम मधून कापून, पट्टा वेल्ड करून रुंद करणं. रस्त्यावरच्या वापराला हे चालू शकतं, अट एवढीच की वेल्ड टायरची कड बसते त्या जागेवर येऊ नये, रिम लेथवर फिरवून डगडग एक मिलिमीटरच्या आत असावी आणि वेल्डची डाय-पेनेट्रंट तपासणी व्हावी. ट्रॅकसाठी मी हे वापरत नाही.

स्टडचं काम कुठल्याही वाटेने गेलात तरी करा. अलॉयचा मधला भाग लोखंडी डिशपेक्षा कितीतरी जाड असतो, त्यामुळे जुने स्टड आखूड पडतात. नटाचे आटे स्टडच्या जाडीइतक्या लांबीवर तरी पूर्ण धरले पाहिजेत. जास्त लांबीचे, शक्यतो सात-षोडशांश इंचाचे किंवा १२ मिलिमीटरचे स्टड बसवून घ्या. नटाचा प्रकार रिम बनवणाऱ्याने सांगितलेलाच: शंकूच्या बैठकीला शंकूचा नट, नळीच्या बैठकीला वॉशरसकट नळीचा. बारीक स्टड ठेवलेच तर टायरवाल्याच्या हवेच्या गनपासून गाडी दूर ठेवा, हल्लीच्या जाड स्टडला लागणारा जोर त्यांना ताणून टाकतो. आणि रिमला पावडर कोटिंग करून घेणार असाल तर नटांच्या बैठका आणि हबला टेकणारा भाग झाकून कोटिंग करायला सांगा. तिथे कोटिंग बसलं की ते दाबलं जातं आणि पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये नट ढिले होतात.

आता माप कसं घ्यायचं ते सांगतो. हे काम घरच्या पार्किंगमध्येही होतं, फक्त जमीन सपाट हवी.

आधी मूळ चाक काढा. आतल्या कडेवर सरळ पट्टी आडवी टेकवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर घ्या. ते बॅकस्पेसिंग. मग रिमची बाहेरून बाहेर रुंदी घ्या. बॅकस्पेसिंगमधून अर्धी रुंदी वजा केली की तुमचा मूळ ऑफसेट आला. उदाहरणादाखल, बॅकस्पेसिंग ८५ आणि रुंदी ११५ आली तर ८५ उणे ५७.५, म्हणजे २७.५. हा तुमच्या गाडीचा आकडा समजू नका, प्रत्येक चाक मोजा. या उदाहरणात ५.५ जे ईटी २० लावलं तर मध्यरेषा साडेसात मिलिमीटर बाहेर जाते, आतली कड १७.५ आत सरकते आणि बाहेरची ३२.५ बाहेर. म्हणजे तपासायच्या जागा दोन्हीकडे आहेत.

पुढे हेराल्ड तुम्हाला एक सोय देते जी फार थोड्या गाड्या देतात. बोनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं, आणि सगळं सस्पेन्शन समोर उघडं. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. शॉकअब्सॉर्बरचं युनिट काढून त्यातली कॉइल स्प्रिंग बाहेर काढा, स्प्रिंगशिवाय ते परत बसवा. स्प्रिंग काढताना कॉम्प्रेसर वापराच, त्यात साठलेला जोर बोटं तोडतो. आता खाली जॅक लावून चाक रबरी बंपस्टॉपपर्यंत वर आणि शॉकअब्सॉर्बरच्या टोकापर्यंत खाली हाताने नेता येतं. प्रत्येक उंचीवर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण हेराल्ड २५ फुटांच्या वर्तुळात वळते. इतकं चाक वळवणारी गाडी आपल्याकडे दुसरी नसेल, आणि सरळ चाकाला छान मोकळं वाटणारं टायर पूर्ण वळवल्यावर मागच्या आतल्या कडेने चासिसला किंवा अँटी-रोल बारला जाऊन भिडतं. तसं झालं तर रॅकचं वळण थोडं कमी करून घेता येतं, ट्रॅकवर ते लागतही नाही.

पण बोनेट उघडं असताना मडगार्डही वर गेलेला असतो. त्यामुळे शेवटचं माप बोनेट बंद करूनच. त्याला मी शाडूची माती वापरतो, गणपतीच्या मूर्तिकाराकडे मिळते ती. सुपारीएवढे गोळे करून मडगार्डच्या आतल्या कडेला पाच-सहा जागी चिकटवायचे, बोनेट बंद करायचं, चाक बंपस्टॉपपर्यंत उचलायचं, दोन्हीकडे वळवायचं. मग बोनेट उघडून गोळे बघायचे. जिथे गोळा चेपला तिथली उरलेली जाडी पट्टीने मोजा, तीच तुमची खरी फट. मडगार्डपाशी मी २० मिलिमीटर ठेवतो, कारण वळणात टायर स्वतः बाजूला वाकतो. शॉकअब्सॉर्बर, टाय रॉडचं टोक, चासिस अशा न हलणाऱ्या जागांपाशी १० पुरतात. मागच्या बाजूला मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि टायरच्या बाहेरच्या भिंतीशी ताडून बघा. तिथे पाट्याची टोकं मोकळी करावी लागतात. हाफशाफ्ट लटकत सोडू नका, जॉइंटला ताण येतो.

नवं रिम हातात नसताना हे सगळं कसं करणार? प्लायवूडच्या ५७५ मिलिमीटर व्यासाच्या दोन चकत्या कापा, मध्ये लाकडी ठोकळे घालून बाहेरून बाहेर १८२ मिलिमीटर अंतर ठेवा. ५.५ जे वर १७५ चा टायर तेवढा फुगतो. हबला टेकणारी पट्टी हव्या त्या ऑफसेटवर स्क्रू करा आणि स्टडवर चढवा. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. ऑफसेट बदलून बघायचा तर स्क्रू काढून पट्टी सरकवा. मला याच्या निम्म्या भरवशाचं सॉफ्टवेअर अजून भेटलेलं नाही. मामांच्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक लावलेले असतील, तर कॅलिपर आणि रिमच्या आरांमधली फट वेगळी तपासा. आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं कॅलिपरला घासून पडतात. मूळ ड्रम असतील तर हा प्रश्न येत नाही.

रिम बसल्यावर अलाइनमेंट नव्याने करून घ्या, आणि ५० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने नट पुन्हा आवळा. तपासायला पाम बीच रोडवर वेग घेऊ नका. तिथे माणसं चालतात, आणि सरळ रस्ता चाकांबद्दल काही सांगतही नाही. ट्रॅकवर गेलात की टायरचं तापमान घ्या. सुईचं पायरोमीटर (रबरात टोचून तापमान मोजणारं उपकरण) असेल तर उत्तम. तीन-चार जोरदार लॅपनंतर लगेच पिटमध्ये येऊन प्रत्येक टायरचं आतलं, मधलं आणि बाहेरचं तापमान लिहून काढा. मधला भाग जास्त तापला तर हवा जास्त, दोन्ही कडा तापल्या तर हवा कमी. पुढच्या टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा आठ-दहा अंश जास्त असेल तर कॅम्बर बरा आहे. मागच्या टायरची बाहेरचीच कड तापत असेल तर पाटा अजून उतरवायला हवा. सगळं टायर सारखंच थंड राहत असेल तर तुमच्याकडे गाडीच्या मानाने टायर जास्त रुंद आहे. १७५ ला असं होण्याची शक्यता कमी, पण झालंच तर १५५/८० घालून बघा. हलक्या हेराल्डला ते कधीकधी जास्त मानवतं, आणि ५.५ च्या रिमवर तक्त्याप्रमाणे बसतंही.

एक रिम आधी मागवा, चारही नको. ते चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने चढवून वरची सगळी तपासणी करा, कारण साठ वर्षांच्या चासिसमध्ये डावी-उजवी बाजू सारखी असेलच असं नाही. हेराल्डची बॉडी चासिसवर बोल्टने बसवलेली असते आणि कधीतरी उतरवलेली बॉडी परत बसवताना पाच-सात मिलिमीटर सरकलेली मी पाहिली आहे. तसं असेल तर चाकांचा ऑफसेट बदलत बसू नका, आधी बॉडी जागेवर घ्या.

ऑर्डर देण्याआधी इथे चार आकडे टाका: चारही मूळ चाकांचं बॅकस्पेसिंग, त्यांची बाहेरून बाहेर रुंदी, मागे ओळंब्यापासून टायरच्या भिंतीपर्यंतचं अंतर डावं आणि उजवं, आणि पुढे चाक पूर्ण वळवल्यावर टायर कशाच्या सगळ्यात जवळ येतं ते व तिथली फट. सोबत मागच्या अ‍ॅक्सलचा खालून काढलेला एक फोटो. त्यावरून ईटी १५ मागवायचा, २० की २५, ते नक्की सांगता येईल.